जुन्या ट्रॅक्टरचा सडलेला पत्रा: कुठे कापायचा, कसा जोडायचा

वडोदऱ्यात विश्वामित्रीच्या कारखान्यात बनलेले हिंदुस्तान ट्रॅक्टर पादरा-डभोईकडे अजूनही एखाद्या गोठ्यामागे उभे दिसतात. झेटर या चेक कंपनीच्या तंत्रावर सुरू झालेला हा कारखाना १९७८ मध्ये गुजरात ट्रॅक्टर कॉर्पोरेशन झाला, पुढे १९९९ मध्ये महिंद्राकडे गेला. असा ट्रॅक्टर हाती आला तर इंजिनाची फार धास्ती नसते. लायनर, पिस्टन, बेअरिंग फिरून फिरून मिळतात, उरलेलं मकरपुरा जीआयडीसीतला (औद्योगिक वसाहतीतला) एखादा लेथवाला करून देतो. गाडं अडतं ते पत्र्यावर. बॉनेट, मडगार्ड, ग्रिलची चौकट नवी मिळणं कठीण, आणि भंगारात सापडलीच तर तीही तितकीच सडलेली. म्हणजे आहे तोच पत्रा वाचवायचा.

मॅसी फर्ग्युसन १०३५ सारखा ट्रॅक्टर असेल तर गोष्ट वेगळी. आधी बाजारात चौकशी करा. त्याचे मडगार्ड तयार मिळतात आणि चाळण झालेला जुना मडगार्ड जोडत बसण्यापेक्षा नवा आणणं स्वस्त पडतं. फक्त नवा पत्राही आतून जेमतेम फवारलेला असतो, तेव्हा तो थेट न लावता खाली सांगितलेलं प्रायमरचं काम त्यावरही करून घ्या. हा लेख आहे तो ज्यांना विकतचा पर्याय नाही त्यांच्यासाठी. निम्मं यश वेल्डिंग सुरू करायच्या आधीच ठरतं: गंज कुठून आला हे कळलं का, आणि कापताना हात आखडला का, या दोन गोष्टींवर.

पाणी कुठे थांबतं ते शोधा

मडगार्ड दिसतो बाहेरून, सडतो आतून. मागचं चाक चिखल वर फेकतं, तो आतल्या वळणात जाऊन बसतो आणि तिथेच राहतो. कर्जण, पादरा, जंबुसरचा कानम पट्टा म्हणजे कापसाची काळी माती. ती एकदा पत्र्याला चिकटली की वरून कोरडी दिसते, आतून कित्येक दिवस ओली असते. जंबुसरकडे, खाडीच्या बाजूला, पाणी आणि हवा खारट, त्यामुळे गंजाचा वेग आणखी वाढतो. त्यात मडगार्डवर खताची गोणी टेकवून नेण्याची सवय. युरिया, पोटॅश हवेतली ओल ओढून घेतात आणि गोणीतून सांडलेले दाणे बरोबर दिव्याच्या ब्रॅकेटखाली जाऊन बसतात.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा पाण्यात उभ्या राहिलेल्या वाहनांची गोष्ट निराळीच. त्यांच्या पत्र्याच्या प्रत्येक घडीत गाळ गेलेला असतो. पुरात बुडालेला ट्रॅक्टर घेतला असेल तर बाहेरून कितीही चांगला दिसो, घड्या आणि दुहेरी पत्र्याच्या फटी प्रेशरच्या पाण्याने धुऊन बघा. गढूळ पाणी बाहेर येत राहिलं तर आत काम बाकी आहे.

सगळ्यात आधी पाहायच्या जागा या: मडगार्डची वळवलेली कड, मडगार्ड जिथे अॅक्सलच्या ब्रॅकेटला बोल्टने बसतो तिथला दुहेरी पत्रा, दिव्याच्या ब्रॅकेटखालचा भाग, बॉनेटची मागची कड जिथे डॅशबोर्डला टेकते, बॅटरीचा ट्रे आणि टूलबॉक्सचा तळ. बॅटरीच्या ट्रेला गंज नुसत्या पाण्याने चढत नाही, आम्लाने चढतो. तो भाग कापण्याआधी खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, फेस यायचा थांबेपर्यंत.

दोन पत्र्यांच्या मधला गंज सगळ्यात फसवा. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आत साचलेला थर दोन्ही पत्रे एकमेकांपासून ढकलतो. जोडावरचा पत्रा लाटेसारखा फुगलेला दिसला तर तो ठोकून सपाट करायच्या फंदात पडू नका. तो उघडावाच लागतो.

तपासणी: हातोडी, पेचकस आणि लोहचुंबक

रंग लावलेला पत्रा डोळ्यांनी तपासता येत नाही. लहान हातोडीने हलके ठोकत जा. धड पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. शंका आली तिथे जुना पेचकस मागच्या बाजूने दाबा. तो घुसला, किंवा पत्रा त्याच्याखाली वाकला, तर तो भाग गेला. मग टॉर्च मागे धरून अंधारात पाहा. सुईच्या टोकाएवढी छिद्रं तेव्हा दिसतात.

लोहचुंबक फडक्यात गुंडाळून फिरवा. जिथे ओढ एकदम कमी होते तिथे खाली जाड पुट्टी आहे. जुन्या ट्रॅक्टरमध्ये हे हमखास सापडतं: भोकावर जाळी, जाळीवर पुट्टी, पुट्टीवर रंग. कुणीतरी पितळेने झाळलेलं ठिगळही सापडेल. ते पूर्ण कापून काढा. पितळ राहिलेल्या जागी मिग वेल्डिंग (गॅसच्या आवरणात सतत पुढे सरकणाऱ्या तारेने केलेलं वेल्डिंग) धरत नाही, सच्छिद्र होतं आणि तडकतं.

सापडलेले भाग तेलखडूने तीन तऱ्हांनी खुणा करून ठेवा. नुसता पृष्ठभाग लाल झालेला, तो घासून निघेल. खड्डे पडलेला, म्हणजे पत्रा अजून आहे पण खाल्लेला. आणि भोकं पडलेला. मधल्या प्रकारावर विचार करावा लागतो. खड्ड्यांमुळे पत्रा निम्म्याहून पातळ झाला असेल तर तो भोकाच्याच गटात टाका. वेल्डिंगच्या उष्णतेने तो तसाही फुटणार.

सोडवणं

शक्य असेल तर प्रत्येक भाग ट्रॅक्टरवरून उतरवून काम करा. अर्धवट जागेवर ठेवून केलेल्या वेल्डिंगमध्ये मागची बाजू हाताला येत नाही आणि डिझेलची टाकी, रबरी पाइप, वायरिंग सगळं ठिणगीच्या टप्प्यात राहतं. उतरवणं अगदीच अशक्य असेल तर बॅटरीच्या दोन्ही तारा काढा, अल्टरनेटर असेल तर त्याचीही, डिझेलची टाकी उतरवून लांब ठेवा आणि अर्थचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावा. चिमटा दूर लावला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर खड्डे पाडतो. डिझेलच्या टाकीचा पत्रा गळत असेल तर ती घरी वेल्ड करू नका. रिकाम्या टाकीत साचलेली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची.

गंजलेल्या बोल्टवर गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री मारून ठेवा. सकाळी आधी किंचित आवळायच्या दिशेने पाना फिरवा, गंजाची पकड तुटते, मग सोडा. तरीही हलला नाही तर तेल पुसून नट तापवा. मडगार्डचे बोल्ट मात्र बहुतेक वेळा कापावेच लागतात. त्यावर अर्धा दिवस घालवण्यात अर्थ नाही, ग्राइंडर चालवा.

सोडवण्याआधी फोटो काढा, विशेषतः मडगार्ड आणि टायरमधलं अंतर दोन-तीन ठिकाणी मोजून लिहून ठेवा. जोडलेला मडगार्ड परत बसवताना हेच माप कामी येतं. चेसिस नंबरची आणि इंजिनाची पट्टी ज्या पत्र्यावर असेल त्याला ग्राइंडर लावू नका. ट्रॅक्टरची कागदपत्रं त्या नंबरांवर चालतात. रंगही आरसी बुकात नोंदलेला असतो, तेव्हा वेगळा रंग देण्याचा विचार असेल तर आधी आरटीओत विचारा.

गंज आणि जुना रंग काढणं

जुन्या लाल-पिवळ्या रंगांत शिसं असण्याची शक्यता बरीच. कोरडा घासून धूळ उडवू नका. रंग काढायचं रसायन वापरा, किंवा ओलं करून घासा. चांगला मास्क लावा, मुलांना लांब ठेवा आणि खाली प्लास्टिक पसरून खरवड गोळा करा.

मोठ्या सपाट भागाला ग्राइंडरवर गुंफलेल्या तारेचा ब्रश आणि ८० नंबरची फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती) पुरेशी आहे. तारेच्या ब्रशच्या तारा सुटून उडतात. चश्मा नाही, पूर्ण फेसशील्ड लावा. डिस्क एका जागी दाबून धरू नका. पत्रा निळा पडला म्हणजे तो तापून ताणला गेला.

सँडब्लास्टिंगचा मोह सगळ्यांना होतो. जाड कास्टिंग, अॅक्सलचे ब्रॅकेट यांना ते उत्तम. पण बॉनेटच्या पातळ पत्र्यावर जोराने वाळू मारली की तो वाकतो, आणि तो वाक डेंटरलाही सहज निघत नाही. करवून घ्यायचंच असेल तर बारीक कण, कमी दाब आणि नळी तिरपी, असं आधी ठरवून घ्या.

ग्रिल, बिजागऱ्या, टूलबॉक्सचं झाकण अशा गुंतागुंतीच्या वस्तूंसाठी माझी पसंती विजेच्या पद्धतीला. प्लास्टिकच्या ड्रममध्ये पाणी, १० लिटरला साधारण १०० ग्रॅम धुण्याचा सोडा. गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण तारेला, भंगारातल्या साध्या लोखंडाचा तुकडा धन तारेला. दोघं एकमेकांना लागता कामा नयेत. १२ व्होल्टच्या साध्या चार्जरवर रात्रभरात गंज काळा मऊ होऊन ब्रशने निघतो, धड लोखंडाला धक्का लागत नाही. दोन गोष्टी पक्क्या पाळा. धन बाजूला स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि हे काम उघड्यावर करा, कारण हायड्रोजन निघतो. तारा काढायच्या आधी चार्जर बंद करा, नाहीतर ठिणगी पडेल.

चार्जर नसेल तर किराणा दुकानात लिंबाची फुलं म्हणून जे मिळतं ते सायट्रिक अॅसिड घ्या. लिटरला ५० ग्रॅम, भाग पूर्ण बुडेल एवढं पाणी, मधूनमधून घासत रात्रभर. काढल्यावर सोड्याच्या पाण्यातून बुडवून स्वच्छ धुवा आणि लगेच उन्हात वाळवा. ओलं लोखंड तासाभरात पुन्हा पिवळं होतं. संडास धुण्याचं अॅसिड मात्र पत्र्याच्या जवळही आणू नका. त्यातला क्लोराइड घड्यांमध्ये अडकून राहतो आणि रंगाखालून गंज पुन्हा वर येतो.

पत्रा घेणं

मूळ पत्र्याची जाडी आधी मोजा. गंज नसलेल्या जागी दोन्ही बाजूंचा रंग काढून व्हर्नियर किंवा मायक्रोमीटर लावा. साधारण हिशेब असा: २० गेज ०.९ मिलिमीटर, १८ गेज १.२, १६ गेज १.६ आणि १४ गेज २ मिलिमीटर. बॉनेटचा पत्रा सहसा पातळ निघतो, मडगार्डचा जाड.

दुकानात "अढार गेजनुं सीआर पतरुं आपो" (अठरा गेजचा सीआर पत्रा द्या) एवढं म्हटलं की काम होतं, पण गेजचा हिशेब दुकानादुकानात सैल असतो. मिलिमीटरमध्ये मागा आणि व्हर्नियर खिशात ठेवा. घ्यायचा तो सीआर, म्हणजे थंड लाटलेला पत्रा. तो गुळगुळीत असतो आणि वाकवताना तडकत नाही. एचआर, म्हणजे गरम लाटलेल्या पत्र्यावर काळी पपडी असते; ब्रॅकेटसाठी चालेल, दिसणाऱ्या भागासाठी नको. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला पत्रा, अजिबात नको. त्यावरचं जस्त वेल्डिंगच्या उष्णतेने जळतं, त्याच्या पांढऱ्या धुराने थंडी वाजून ताप भरतो आणि जोडही सच्छिद्र होतो.

ठिगळ आधी, कापणं नंतर

बहुतेक जण भोक कापतात आणि मग त्याला बसेल असा तुकडा शोधतात. क्रम उलटा ठेवा. गंजाच्या सगळ्या बाजूंनी किमान २५ मिलिमीटर धड पत्र्यात शिरून रेघ मारा. रेघ सरळ आणि सोपी असावी, कोपरे गोल. टोकदार कोपऱ्यात वेल्डिंगचा ताण साठतो आणि पत्रा तिथूनच फुगतो किंवा तडकतो. शक्य तिथे रेघ एखाद्या वळणाच्या किंवा उठावाच्या जवळ न्या. वळण पत्र्याला ताठ धरतं, सपाट मैदानाच्या मधोमध केलेला जोड हमखास लाटा मारतो.

आता जाड पुठ्ठ्याचा साचा कापून घ्या, त्यावरून ठिगळ कापा, वाकवा, आकार द्या. तयार ठिगळ जागेवर धरून त्याच्या कडेने टोकदार सळईने जुन्या पत्र्यावर रेघ ओढा आणि त्या रेघेवर कापा. अशाने फट सगळीकडे सारखी येते. फट ठेवायची १ मिलिमीटरच्या आसपास. कापायला १ मिलिमीटरची कटिंग डिस्क आणि शेवटच्या गोलाईला पत्रा कापायची कात्री.

कडेला कड जोडायची. एकावर एक पत्रा ठेवून मारलेलं ठिगळ लवकर होतं, पण त्या दुहेरी थरात पाणी शिरतं आणि ज्या गंजासाठी एवढा खटाटोप केला तोच पुन्हा पोसायला जागा तयार होते. अॅक्सलच्या ब्रॅकेटजवळ मुळातच दुहेरी पत्रा असतो. तिथे जस्तयुक्त वेल्ड प्रायमर दोन्ही अंगांना मारून, वरच्या पत्र्याला ६ ते ८ मिलिमीटरची भोकं पाडून ती वेल्डने भरा.

मडगार्डच्या मोठ्या गोलाईसाठी मकरपुऱ्यात रोलिंग मशीनवाले आहेत. पुठ्ठ्यावर गोलाईचा साचा कापून घेऊन जा, नुसता आकडा सांगून गोलाई जुळत नाही. लहान तुकडा जाड पाइपवर हातानेही वळतो. खरी कसोटी असते ती वळणावरच्या आत मुडपलेल्या कडेची. ती एकाच तुकड्यातून काढायला पत्रा आकसवावा लागतो आणि त्याचं यंत्र सहसा हाताशी नसतं. म्हणून दोन तुकड्यांत करा: गोल पृष्ठभाग एक, कडेची पट्टी वेगळी. दोघांचा जोड कोपऱ्यात येतो, घासल्यावर दिसतही नाही.

काही मडगार्डच्या कडेत तार गुंडाळलेली असते. कड मजबूत होते खरी, पण तारेभोवती पाणी खिळून राहतं आणि अर्धा गंज तिथूनच निघतो. पुन्हा तशीच करायची तर तारेच्या जाडीच्या अडीचपट पत्रा जास्त ठेवा, आधी तार आणि पत्र्याची आतली बाजू प्रायमरमध्ये भिजवा, मग कड मुडपा. मूळ रूपाचा आग्रह नसेल तर १० मिलिमीटरची सळई आतून वेल्ड केली तरी चालतं. जुन्या गाड्यांचे शौकीन नाक मुरडतील, मुरडू द्या.

वेल्डिंग

सडलेल्या पत्र्याला साधं आर्क वेल्डिंग नको. १.२ मिलिमीटरच्या पत्र्यावर ३.१५ ची काडी टेकवली की भोक पडतं, ते भरता भरता दुसरं पडतं. १४ गेजच्या जाड मडगार्डवर २ मिलिमीटरची काडी आणि कमी करंटवर सरावाचा हात निभावून नेईल, बॉनेटवर नाही.

आज सगळ्यात सोयीचं मिग. तार ०.८ मिलिमीटर, गॅस आर्गॉन आणि सीओटूचं मिश्रण. नुसत्या सीओटूवरही चालतं, फक्त ठिणग्या जास्त उडतात आणि जोड उंच येतो. १८ गेजला करंट ५० ते ७० अँपिअरच्या आत बसतो, पण मशीनवरचा आकडा मानू नका. त्याच पत्र्याचे उरलेले दोन तुकडे घ्या, तशीच फट ठेवून टाके (वेल्डचे सुटे ठिपके) मारा आणि पाठ पाहा. मागे बारीक उठाव दिसला तर वेल्ड आरपार गेलं.

आता मुख्य गोष्ट. सलग रेघ ओढायची नाही. ठिगळ क्लॅम्पने बसवा, चार कोपऱ्यांवर टाके, मग प्रत्येक दोन टाक्यांच्या मधोमध एक, असं करत टाक्यांमधलं अंतर २५ मिलिमीटरवर आणा. प्रत्येक फेरीनंतर फट आणि पातळी तपासा. ठिगळ वर आलं असेल तर ते आत्ताच हातोडीने बसतं, नंतर नाही. मग एक टाका इथे, पुढचा समोरच्या कडेला, तिसरा भलतीकडे. पत्र्याला हात लावता येईल एवढा तो थंड होईपर्यंत थांबायचं. हे काम कंटाळवाणं आहे आणि घाई इथेच नडते. शेवटी सगळे टाके एकमेकांना भिडले की जोड पूर्ण होतो, पत्रा मात्र कधीच फार तापलेला नसतो. पाणी ओतून थंड करायचा आडमार्ग टाळा.

फट कुठे मोठी राहिली तर मागे तांब्याची जाड पट्टी दाबून धरा. वेल्ड तांब्याला चिकटत नाही, उष्णता तांबं ओढून घेतं आणि भोक पडत नाही.

जुने डेंटर अजूनही गॅसचा आग्रह धरतात आणि त्यात तथ्य आहे. ऑक्सिजन-अॅसिटिलीनचा जोड मऊ राहतो, त्यामुळे तो मागे डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) धरून हातोडीने सपाट करता येतो; मिगचा जोड कडक असतो, त्याला घासावंच लागतं. तोटा असा की गॅसची उष्णता खूप पसरते. हात बसलेला मिस्त्री मिळाला तर मडगार्डची कड त्याच्याकडून गॅसवर करून घ्या, बॉनेटचा सपाट भाग नको. अॅसिटिलीनचा सिलिंडर उभाच ठेवायचा आणि नळीला फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत उलटी नळीत शिरू न देणारा भाग) आहे का ते आधी पाहायचं.

काम संपल्यावर लगेच कुलूप लावून घरी जाऊ नका. गवताच्या काडीत अडकलेली ठिणगी अर्ध्या तासाने पेट घेते. पाण्याची बादली, वाळू आणि अग्निशामक जवळ असू द्या.

घासणं आणि सरळ करणं

जोड आधी जाड चाकाने फक्त उंचवट्यापुरता घासा, मग ६० आणि ८० च्या फ्लॅप डिस्कने पत्र्याच्या पातळीवर आणा. शेजारचा पत्रा पातळ होऊ देऊ नका. पत्र्याच्या मागे दिवा लावून पाहा. टोचल्यासारखी छिद्रं दिसली तर ती पुट्टीने न बुजवता पुन्हा टाक्याने भरा.

वेल्डिंगनंतर पत्रा जोडाजवळ आकसलेला असतो, म्हणून आजूबाजूला लाट दिसते. मागे डॉली धरून जोडावरच हलकी हातोडी चालवली की आकसलेला पत्रा थोडा ताणला जातो आणि लाट बसते. उलट एखादा भाग दाबला की टक्‌कन आत-बाहेर होत असेल तर तो ताणलेला आहे. त्याच्या मधोमध जुन्या रुपयाएवढा ठिपका लाल करा, भोवतीने चटकन ठोका आणि ओल्या फडक्याने थंड करा. असे दोन-तीन ठिपके पुरतात. यात हात बसेपर्यंत भंगारातल्या पत्र्यावर सराव करा, बॉनेटवर नको.

पुट्टी

पुट्टी २-३ मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नका. हार्डनर सुमारे २ टक्के, म्हणजे १०० ग्रॅमला २ ग्रॅम; मे महिन्याच्या उन्हात ती लगेच आवळते, थोडी थोडीच कालवा. मडगार्डच्या आतल्या बाजूला पुट्टी लावायची नाही.

प्रायमर आणि रंग

वेळ निवडता आली तर दिवाळीनंतर ते होळीपर्यंतची निवडा. पावसाळ्यात हवेतली ओल पत्र्यावर बसते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. आर्द्रता ८५ टक्क्यांवर असेल तर रंगाचं काम पुढे ढकला.

रेड ऑक्साइड सगळ्या दुकानांत मिळतं आणि सगळे तेच मारतात. ते एकटं पुरत नाही. त्याचा थर सच्छिद्र असतो, वरचा रंग चढेपर्यंत ट्रॅक्टर अंगणात उभा राहिला तर पाणी त्यातून खाली उतरतं. खर्च करायचा तर दोन भागांच्या इपॉक्सी प्रायमरवर करा, झिंक फॉस्फेट असलेल्या. पत्रा ८० नंबरने घासून खडबडीत, मग थिनरच्या फडक्याने पुसून तेलविरहित, आणि त्याच दिवशी पहिला थर. घासलेल्या पत्र्याला उघड्या हाताने शिवू नका, घामाचे ठसे रंगाखालून गंज आणतात. आतल्या बाजूला बाहेरच्यापेक्षा एक थर जास्त द्या. पुट्टी शक्यतो इपॉक्सीवरच लावा आणि ती घासल्यावर त्यावर पुन्हा इपॉक्सीचा हात फिरवा. उघडी पुट्टी स्पंजासारखं पाणी पिते.

गंज काळा करणारं फॉस्फोरिक अॅसिडचं रसायन खड्ड्यांत उरलेल्या गंजासाठी ठीक, पण त्याचा अंश धुऊन काढल्याशिवाय वर इपॉक्सी नीट धरत नाही. डब्यावरच्या सूचना इथे शब्दशः पाळा.

वरचा रंग सिंथेटिक इनॅमल असला तरी शेतात चालणाऱ्या ट्रॅक्टरला पुरतो आणि ओरखडा उठला तर ब्रशने दुरुस्त होतो. चमक हवी म्हणून दोन भागांचा पीयू (पॉलियुरेथेन रंग) घ्यायचा असेल तर तो घरच्या अंगणात फवारू नका. त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटला साधा मास्क थांबवत नाही आणि दम्याचा त्रास कायमचा मागे लागू शकतो. पेंट बूथ असलेल्याकडे द्या. मूळ रंगाचा नमुना टूलबॉक्सच्या मागे किंवा दिव्याच्या ब्रॅकेटखाली सापडतो, ऊन न लागलेला. तो भाग घासायच्या आधी रंगाच्या दुकानात नेऊन छटा जुळवून घ्या.

बसवणं

बसवण्याआधी सगळ्या घड्यांमध्ये सीम सीलर (फटी बुजवणारा लवचिक लेप) भरा, पण खालच्या टोकाला निचऱ्याची वाट मोकळी ठेवा. मूळ भोकं पुट्टीने बुजली असतील तर ६ ते ८ मिलिमीटरच्या ड्रिलने उघडा आणि भोकाच्या कडेला पुन्हा प्रायमर लावा. टूलबॉक्सच्या तळाला निचऱ्याचं भोक नसेल तर पाडा. दुहेरी पत्र्याच्या पोकळीत मेणाचा फवारा मारा. मडगार्डला आतून अंडरबॉडी कोटिंगचा जाड थर द्या, मात्र इपॉक्सी पूर्ण सुकल्यावरच. गंजावर मारलेलं डांबरी कोटिंग गंज झाकतं आणि ओल आत कोंडतं.

ब्रॅकेट आणि मडगार्डच्या मध्ये जुन्या टायरच्या ट्यूबची गादी घाला. ट्रॅक्टरच्या थरथरीने रंग घासला जाण्याची ती जागा. जस्त चढवलेले बोल्ट, मोठे वॉशर, आट्यांना ग्रीस. टायरपासूनचं अंतर लिहून ठेवलेल्या मापाशी जुळवा, मगच सगळे बोल्ट आवळा. पहिल्यांदा शेतात चालवून आणल्यावर ते पुन्हा एकदा आवळावे लागतील, गादी दबलेली असते.

नंतरची निगा फार नाही. चिखलातून आल्यावर मडगार्ड आतून धुवायचा, बाहेरून नाही धुतला तरी चालेल. बॅटरीच्या टोकांना पेट्रोलियम जेली आणि ट्रेमध्ये रबरी चटई. उरलेला रंग मोठ्या डब्यात ठेवला तर वरच्या हवेने त्यावर साय धरते. लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून, वर रंगाचं नाव आणि मिश्रणाचा नंबर लिहून ठेवा. पहिला ओरखडा पडायला फार दिवस लागत नाहीत.